न पाठवलेल्या लहरीवर गेलेला आवाज

मित्रांनो, बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्लीत परशरामच्या कौलारू घरावर, दोन बांबूंच्या मधे पंख्यासारखी पसरलेली तांब्याच्या तारांची जी जुनी एरियल दिसते, ती मी. गल्लीत पाहुणे आले की लोक माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "बेचाळीसच्या चळवळीत हिनं काम केलंय." पाहुणे मान वर करून कौतुकानं बघतात. त्या वेळी मला कुठं तोंड लपवावं ते कळत नाही. माझं काम काय होतं आणि त्यातून काय घडलं, हे त्यांना अर्धंच ठाऊक असतं. तुम्हाला मी पुरतं सांगणार आहे.

परशराम जातीचा विणकर, पण मागावर त्याचं मन रमलं नाही. तरुणपणी तो हुबळीला गेला आणि एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायला शिकला. परत येऊन त्यानं शहापूरच्या रस्त्याला छोटं दुकान घातलं. बेळगावात तेव्हा रेडिओ थोडेच होते. वकिलांच्या घरी, डॉक्टरांच्या घरी, नाहीतर कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, साहेबांच्या बंगल्यांत.

रेडिओचा आवाज हवेतून लहरींवर बसून येतो. प्रत्येक केंद्राची लहर वेगळ्या लांबीची, कुणाची लांब, कुणाची आखूड. त्या लहरी पकडणारी तार म्हणजे एरियल. साधी एकेरी तार असली की ती आपल्या लांबीला जुळणारी लहर छान पकडते आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवते. परशरामला हे पटत नव्हतं. एकाच तारेवर मुंबईही ऐकू यावी आणि विलायतही, असं त्याला वाटे. त्यानं किती तारा बांधल्या आणि सोडल्या! तार लांब केली तर विलायत बुजायची, आखूड केली तर मुंबई.

शेवटी युक्ती सुचली ती शेजारी मागावर बसलेल्या शामूअण्णाकडे बघताना. शामूअण्णा परशरामपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, शांत स्वभावाचा विणकर. त्याच्या मागावर ताण्याचे धागे पसरलेले होते. परशरामनं ठरवलं, एक तार कशाला? एकाच टोकातून निघणाऱ्या लहानमोठ्या सात तारा पंख्यासारख्या पसरायच्या. म्हणजे पुढं आलेली लहर लांब असो की आखूड, एखादी तरी तार तिला जुळेल.

बांबू जांबोटीहून आले. तांबं विजेच्या जुन्या मोटारीतून निघालं. तारा ताणायला मात्र परशरामचा हात बसेना. एक घट्ट व्हायची तर दुसरी ढिली. तेव्हा शामूअण्णाच कौलांवर चढला.

"सर रं बाजूला," तो म्हणाला. "धागा असू दे न्हायतर तार, ताण सारखाच लागतोय."

त्यानं एकेक तार बोटानं छेडून, कान लावून, सारख्या ताणावर बांधली. माझा जन्म असा झाला. मला आकार परशरामनं दिला, पण मी उभी राहिले ती शामूअण्णाच्या हातानं.

खाली रेडिओ लावला तेव्हा मुंबई आली, कलकत्ता आलं, विलायतेच्या बातम्या आल्या. परशराम लहरींचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता आणि मी कुठंच अडत नव्हते. त्याची बायको मालुबाई चुलीपुढून उठून आली आणि दारात ऐकत उभी राहिली. संध्याकाळी गल्ली ओसरीवर जमू लागली. कॅम्पातला एक साहेबही येऊन मला बघून गेला. मला फार अभिमान वाटे. सगळ्या लहरींना मी जागा देते, माझ्यासारखी रुंद मनाची कोण आहे, असं मी स्वतःशी म्हणत असे. आज ते आठवलं तरी लाजेनं तारा आकसतात.

मग मोठी लढाई लागली आणि पाठोपाठ बेचाळीस साल आलं. पुढाऱ्यांना धरलं. खानापूरकडं तारायंत्राच्या तारा तुटल्या, गावोगाव मिरवणुका निघाल्या, वर्तमानपत्रांत मात्र काहीच येईना. एका गावाचं दुसऱ्या गावाला कळेना. चळवळीतली दोन माणसं परशरामकडं आली आणि म्हणाली, "तू ऐकायचं यंत्र करतोस, बोलायचं करशील काय?"

मित्रांनो, एरियलची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. जी तार ऐकू शकते, तीच बोलूही शकते. परशरामनं जुन्या सुट्या भागांतून एक बोलतं यंत्र जुळवलं आणि मला जोडलं. निपाणीला त्यांच्या माणसाकडं ऐकायचा सेट होता. परशरामनं विचार करून चाळीस मीटरची लहर निवडली, कारण कॅम्पातले लष्करी सेट त्या लहरीवर नसतात हे त्यानं आपल्या रेडिओवर बरेच दिवस ऐकून ताडलं होतं. निपाणीहून निरोप आला, आवाज स्वच्छ येतोय. परशराम खूश झाला. आणि त्यानं तपासणी तिथंच थांबवली.

अडचण एकच होती. परशराम यंत्रापुढं बोलू लागला की कौलांतून आवाज बोळात जाई. त्यानं शामूअण्णाला विश्वासात घेतलं. शामूअण्णानं फार विचारपूस केली नाही.

"तू बोलायला लागलास की मी माग चालू करीन," तो म्हणाला. "भिंतीला माग हाय माझा. खटखटीत कुणाला काय ऐकू येणार न्हाय."

तेव्हापासून दिवेलागणीच्या आधी परशराम बोलायला बसे आणि भिंतीपलीकडं शामूअण्णाचा माग सुरू होई. कुठं मिरवणूक निघाली, कुणाला धरलं, कुठं जपून राहायचं, सगळं माझ्या तारांतून निपाणीकडं जाई. बोलणं संपलं की परशराम भिंतीवर हात थापटी आणि माग थांबे. शामूअण्णाच्या दंडात गोळे येत, कारण त्या वेळेपर्यंत त्याचं दिवसाचं विणून झालेलं असे. हे जास्तीचं काम त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

आता माझ्याकडून काय घडत होतं ते ऐका. सनईवाला एकच सूर लावतो, पण नीट कान दिला तर त्या सुरावर दुसरा बारीक सूर चढलेला ऐकू येतो. परशरामचं ओबडधोबड यंत्रही तसंच होतं. ते चाळीस मीटरवर बोलायचं आणि त्याचबरोबर वीस मीटरवर, म्हणजे निम्म्या लांबीच्या लहरीवर, तोच आवाज हळू उमटायचा. साधी एकेरी तार असती तर तो वरचा सूर तिनं बाहेर पडू दिला नसता, कारण तो तिला जुळलाच नसता. पण मी सगळ्यांना जुळणारी. मला चाळीस आणि वीस सारखेच. जे आलं ते मी आभाळात सोडून दिलं. आणि वीस मीटरच्या आसपास कॅम्पातली माणसं कानाला यंत्र लावून बसलेली होती.

एका संध्याकाळी डोक्यावर, आवाजाची दिशा हुडकणारं तारेचं गोल कडं बसवलेली लष्करी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. कडं हळूहळू फिरलं आणि माझ्याकडं तोंड करून थांबलं. परशराम आत बोलतच होता. शामूअण्णाचा माग खटखटत होता, त्यामुळं दोघांनाही गाडी ऐकू आली नाही. फौजदार आणि शिपाई आत शिरले. परशरामला यंत्रासह नेलं. एका शिपायानं बांबू ओढून मला अंगणात पाडलं. ते गेल्यावर मालुबाईनं मला गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

चौकशीत साहेबानं परशरामला पुन्हा पुन्हा विचारलं, वीस मीटरच्या लहरीवरून तू कुणाशी बोलत होतास? परशराम सांगत राहिला की त्या लहरीवर मी कधी बोललोच नाही. त्याला वाटलं, साहेबाला यंत्रातलं कळत नाही; म्हणजे लहरीवरून नव्हे, कुणीतरी जाऊन सांगितल्यावरूनच आपण पकडले गेलो. आणि हे सांगणारा कोण? बोलायची वेळ मालुबाई आणि निपाणीचा माणूस यांच्याखेरीज एकालाच ठाऊक होती. शिवाय शामूअण्णा जखमांवर बांधायच्या पट्ट्यांचं कापड घेऊन आठवड्याला कॅम्पात जात असे. दवाखान्याला ते लागत असे.

मालुबाई तुरुंगात भेटायला गेली तेव्हा परशराम गजांआडून म्हणाला, "शामूशिवाय कुणाला वेळ ठाव न्हवती. तू समजून घे."

मालुबाई घरी आली ती जळतच. नळावर शेजारची बाळाबाई भेटली. बाळाबाई गल्लीतली जुनी बाई, तिचा शब्द सगळे मानत. मालुबाईनं तिच्यापाशी मन मोकळं केलं आणि दिवस मावळायच्या आत गल्लीला कळलं की शामू फितूर आहे.

मी माळ्यावर गुंडाळून पडले होते. खालचं सारं माझ्या कानावर येत होतं. शामूअण्णा दारात आला आणि म्हणाला, "वैनी, परशा कसा हाय? भेटायला गेलतात न्हवं?" मालुबाईनं त्याच्या तोंडावर दार लावलं. तो बाहेरून म्हणाला, "काय चुकलं असंल तर सांगा." आतून कडी लागली.

मग त्याला सूत देणाऱ्यानं सूत थांबवलं. त्याची बायको गुणाबाई नळावर आली की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. मुलांना त्यांच्या घरात पाठवत नसत. त्याच पावसाळ्याच्या शेवटी शामूअण्णाची म्हातारी आई तापानं गेली. शामूअण्णा दारोदार जाऊन सांगून आला. खांदा द्यायला गल्लीतलं एक माणूस आलं नाही. काकतीहून त्याचा मेव्हणा आणि त्याच्या ओळखीचे तिघे आले, तेव्हा कुठं म्हातारी घरातून निघाली. तेराव्याला गुणाबाईनं स्वयंपाक केला. पंगत बसलीच नाही. अन्न गाईंना घातलं.

मित्रांनो, मला त्या दिवशी बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की फितूर मी आहे. पण माझ्यातून बोलायला कुणीतरी माणूस लागतं. मी नुसती तार.

थोड्याच दिवसांनी शामूअण्णानं माग विकला. बिऱ्हाड बैलगाडीत घालून ते दोघं निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करायला निघून गेले. जाताना निरोप घ्यायला त्यांना कुणाचंच दार उघडं नव्हतं.

परशराम सुटून आला तेव्हा लोकांनी त्याला वेशीवरून वाजतगाजत आणलं. हार घातले. शामू गेला हे कळल्यावर तो म्हणाला, "बरं झालं." लढाई संपली, त्याचं दुकान पुन्हा उघडलं, मी पुन्हा बांबूंवर चढले. पण वीस मीटरचा तो प्रश्न त्याच्या मनातून गेला नव्हता. साहेबानं एकदा नव्हे, इतक्या वेळा तेच का विचारलं असेल? एके दिवशी सकाळी त्यानं तसंच एक लहानसं यंत्र जुळवून मला जोडलं. मालुबाईला ते चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः बॅटरीवरचा सेट घेऊन कॅम्पाच्या बाजूच्या माळावर गेला.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्यानं मला सोडवून माझ्या जागी एक साधी तार जोडली आणि पुन्हा माळावर गेला. दुसऱ्यांदा आला तो ओसरीवर बसूनच राहिला.

"काय झालं?" मालुबाईनं विचारलं.

"साध्या तारेवर वीस मीटरला जवळजवळ काय ऐकू येत न्हाय. हिच्यावर सगळं ऐकू येतंय. माझा शब्दन् शब्द त्यांनी ऐकलाय, मालू. कुणी जाऊन सांगायची गरजच न्हवती."

"मग शामूअण्णा?"

"शामूनं काय केलं न्हाय."

 मी तिथंच अंगणात पडले होते. दोघांपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं, परशराम दुसऱ्या दिवशी उठून निपाणीला जाईल. तो गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं करता करता वर्ष गेलं. सभेत त्याला पुढच्या रांगेत बसवत, त्याच्या धाडसाची गोष्ट सांगत, आणि सांगणारा शेवटी म्हणे, "घरभेद्यानं घात केला." परशराम मान खाली घालून ऐकून घेई. लोकांना तो विनय वाटे.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मालुबाईनंच विषय काढला. "तुमी मनातलं माझ्यापाशी बोललासा, मी ते नळावर बोलले. तुमच्या हातनं जाणं होत न्हाय तर मी एकटी जाते."

दोघंही गेले. परशरामनं मला सोडवून, गुंडाळून बरोबर घेतलं, म्हणजे समजावून सांगता येईल. निपाणीच्या त्या वखारीत पाय ठेवताच मालुबाईला ठसका लागला. तंबाखूच्या धुरळ्यात बायका पानं निवडत होत्या. त्यांत गुणाबाई होती. शामूअण्णा पोत्यांपाशी होता. तो पार वाळला होता. कापडाच्या मऊ सुतावर फिरणारी ती बोटं काळी पडली होती.

परशरामनं मला त्याच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. वीस मीटर, चाळीस मीटर, माळावरची तपासणी. शामूअण्णा ऐकत होता. त्यानं वाकून माझी एक तार बोटांत धरली. त्यानंच बांधलेली गाठ होती ती.

"परशा," तो शांतपणे म्हणाला, "मी काय केलं न्हाय हे मला सांगाय तू एवढ्या लांब आलास. मला ते ठावच होतं. ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी सांग की."

गुणाबाई पानं निवडता निवडता सासूच्या आठवणीनं म्हणाली, "आत्तीबाईंस्नी पण सांगा. त्या विचारत गेल्या, माणसं का येईनात म्हणून."

परशरामनं मला पुन्हा गुंडाळून काखेत घेतलं. दोघं मोटारीनं परत आले.

ऑगस्टात स्वातंत्र्याच्या दिवशी गल्लीनं झेंडा उभारला. दोरी ओढायचा मान परशरामला दिला. बायका नव्या लुगड्यांत, मुलं टोप्या घालून, सगळे जमले होते. परशराम पुढं आला आणि त्यानं दोरीला हात लावला नाही.

"आधी माझं ऐका," तो म्हणाला. "बेचाळीस साली मला कुणी फितुरीनं पकडून दिलं न्हाय. माझ्या एरियलीनं माझा आवाज नको तिथं नेला. मी ती नीट तपासली न्हवती. शामूअण्णा माझ्यासाठी रोज संध्याकाळी रिकामा माग हाणत होता, म्हणून तुमास्नी माझा आवाज ऐकू आला न्हाय. त्याचं नाव मी घेतलं. मला हे कळून वर्स झालं, आणि मी हार घालून घेत बसलो."

 मागून एकजण म्हणाला, "आजच्या दिवशी कशाला रं हे?" मालुबाई पुढं येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. "नळावर मी बोलले," ती म्हणाली. तेव्हा बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "तू बोललीस, पर घागर मी उचलली. ती काय तू उचलाय सांगितलीस म्हणून न्हवं." झेंडा शेवटी बाळाबाईनं चढवला. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत.

त्यानंतर गल्लीतली जाणती माणसं निपाणीला गेली आणि शामूअण्णाला परत चल म्हणाली. तो आला नाही. राग धरला असंही नाही. एवढंच म्हणाला, "पितरपाटात आईचं जेवण घालतो. त्याला या." पितृपक्षात वडगावची मोटारभर माणसं निपाणीला गेली. त्या दोन खोल्यांत पंगती बसल्या. परशरामनं वाढलं. मालुबाई सांगत होती, गुणाबाईनं कुणालाच आग्रह केला नाही, आणि तरी पानात काही टाकून कुणी उठलं नाही.

मला परशरामनं पुन्हा कौलांवर बांधलं आहे. मी आता फक्त ऐकते. यंत्र आणि मी यांच्या मधे त्यानं तारेचं एक वेटोळं बसवलं आहे. नको ती लहर ते अडवतं. थोड्याशा तांब्याचं, अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढं यंत्रं बनवील, पूल बांधील, औषधं करील. जे बनवाल ते हवं तिथं चालतं की नाही हे तुम्ही बघालच, सगळेच बघतात. पण जिथं त्याला पाठवलेलं नाही तिथं ते काय करतं, तेही जाऊन बघा. आणि काही बिघडलं, तर शेजाऱ्याचं नाव तोंडावर यायच्या आधी आपल्या हातचं काम एकदा सोडवून तपासा. माझी तपासणी एका सकाळीत झाली. शामूअण्णाची आई मात्र, माणसं का येईनात, हे विचारतच गेली.